फरिदाबीच्या डेगीची कल्हई

"त्या पोरीचा हात डेगीला लागता कामा न्हाय, सांगून ठेवतो!"

फरिदाबीच्या लग्नाला तेव्हा नऊ दिवस झाले होते. ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि भिंतीपलीकडं तिचा सासरा सासूशी भांडत होता. भिंत कुडाची. त्यामुळं भांडणातला एक शब्द वाया जात नव्हता.

"का लागू नये?" सासू विचारत होती.

"नवा हात हाय. घासायला बसली तर तळ काढंल. माझ्या उस्तादानं दिलेली चीज हाय ती. तिला म्हणावं भाकरी कर, शेळ्या बघ. डेगीकडं बघू नको."

"मग सून आणली कशाला? फळीवर मांडून ठेवायला?"

"तू मधी बोलू नको."

"मधी कुठं? म्या सुरवातीपासनं बोलतेय. तीस वर्सं ही डेग घासतंय कोण? तुमी? तुमी निस्ता पैला थेंब हुंगायचा आन मान डोलवायची."

यावर सासरा काय म्हणाला ते कळलं नाही. तव्यावरची भाकरी करपली आणि फरिदाबीला तिकडं बघावं लागलं. पण जिंकलं कोण ते दुसऱ्या दिवशी कळलं. सासूनं डेग उचलून तिच्यापुढं आणून ठेवली आणि म्हणाली, "बस. घास." सासरा आठ दिवस घुश्श्यात होता. घुश्श्यात माणूस कमी खातो म्हणतात. हा रोज दोन भाकरी जास्त खायचा, आणि त्या थापायला परत फरिदाबीच.

उमरग्यापासून दोन कोसांवर, हैदराबादच्या रस्त्याला लागून हे गाव आहे. तांब्याची भांडी तिथं एकेकाळी घरोघर होती. मग स्टील आलं आणि सगळी मोडीत गेली. फरिदाबीची डेग तेवढी राहिली, कारण तिच्यात अर्क निघतो.

डेग म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याएवढं, पोट सुटलेलं तांब्याचं भांडं. रात्रभर भिजवलेला ओवा पाण्यासकट तिच्यात घालायचा. वर घुमटासारखं झाकण बसवायचं आणि कडेनं कणकेचा लेप द्यायचा, म्हणजे वाफ पळत नाही. झाकणातून तांब्याची एक नळी निघते, ती गार पाण्याच्या रांजणातून खाली उतरते. डेगीत ओवा उकळला की वाफ नळीत शिरते, रांजणात गार पडते आणि नळीच्या टोकाला येऊन थेंब थेंब गळते. तो अर्क. पोटात गुबारा धरला, जेवण अंगावर आलं, लग्नात बुंदी जास्त झाली, की माणूस पोट धरून फरिदाबीच्या दारात.

आणि बाळंतिणीचं तर ठरलेलंच. पाचव्या दिवशी, पाचवीची पूजा मांडायच्या आधी, फरिदाबीच्या घरून अर्काची बाटली जायची आणि बाळंतिणीनं त्यातला घोटभर घ्यायचा. त्याशिवाय गावात कुणी पाचवीच्या पाटावर हळद वाहत नसे. हे कुणी सुरू केलं ते कुणाला ठाऊक नाही. पण सासूच्या हातून ते फरिदाबीच्या हातात आलं आणि बावन्न वर्षांत एक पाचवी चुकली नाही. तिचा स्वतःचा सैफ झाला तेव्हासुद्धा ती चौथ्या दिवशी खाटेवरून ओरडत होती, "जाळ कमी करा! जाळ कमी करा! लागंल खाली!" सासू म्हणाली, "बाळंतीण तू हाईस का डेग?"

आता खरं सांगायचं तर अर्क काढण्यात मोठं काही नाही. जाळ मंद ठेवला की अर्क आपला आपण येतो. अवघड असतं ते नंतरचं, डेग राखणं. काढणं झालं की ओला चोथा लगेच उपसायचा. तसाच राहिला तर रात्रीतून आंबतो आणि पुढच्या तीन खेपांना त्याची आठवण येते. बाहेरून चिंच आणि चुलीची राख लावून लालभडक होईस्तोवर घासायचं, त्याला कुणाची मनाई नाही. आतून मात्र कोमट पाणी आणि घोसाळ्याची वाळलेली जाळी, तीही बाळाच्या पाठीवरून फिरवावी तशी. नळीसाठी फरिदाबीकडं एक दोरी होती. दोरीच्या एका टोकाला चिंधी, दुसऱ्या टोकाला शेळीच्या गळ्यातलं घुंगरू. घुंगरू नळीत सोडायचं, ते वाजत वाजत खाली जातं. जिथं आवाज बसतो तिथं मळ अडकलेला. मग कढत चिंचेचं पाणी ओतायचं, परत घुंगरू सोडायचं. आरपार वाजत गेलं की दोरी ओढून चिंधी फिरवायची. शेवटी नळीला तोंड लावून फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाला नाक असलेलं एक माणूस बसवायचं. वर्षानुवर्षं ते नाक तिच्या नवऱ्याचं होतं. तो ट्रकवर ड्रायव्हर. आयुष्यभर डिझेल हुंगलेलं ते नाक, त्याला काय कळणार! पण बसायचा बिचारा. "काय वास येतो?" तिनं विचारलं की म्हणायचा, "तुझा."

तो जाऊन अकरा वर्षं झाली. सैफनं हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं, आणि दोन वर्षांपूर्वी सोलापूरची जास्मिन सून म्हणून घरात आली.

जास्मिन यायच्या आधीच फरिदाबीनं मनाशी एक ठरवलं होतं. सासऱ्याचं ते भांडण तिच्या कानातून कधी गेलं नव्हतं. आपल्या सुनेला डेगीवरून एका शब्दानं बोलायचं नाही. तिनं घासावी, पुसावी, काय वाटेल ते करावं. आणि फरिदाबी ठरवल्याप्रमाणं वागली. दोन वर्षांत एक शब्द बोलली नाही. गोम तिथंच होती.

झालं असं. फरिदाबीची धाकटी बहीण उमरग्यात असते. तिचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून फरिदाबी चार दिवस तिकडं गेली. इकडं शेजारच्या शिवम्माची नात शुभांगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. अर्क लागणार हे जास्मिनला माहीत होतं. तिनं विचार केला, अम्मी येईपर्यंत डेग अशी लख्ख करून ठेवू की त्यांनी बघत राहावं. मुलगी हाताला चपळ आणि घासण्याची हौस मोठी. सोलापुरात तिच्या माहेरच्या ताटात बघून माणसं भांग पाडतात म्हणे. बाहेरून डेग लालभडक झाली. मग तिनं पहिल्यांदाच आत नीट डोकावलं. आत सगळं राखाडी, मळकट. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही का हे? तिनं विटेचा भुगा घेतला, चिंच घेतली, वर तारेची घासणी घेतली आणि अडीच दिवस खपून तो राखाडी थर काढला. आतूनही डेग सूर्यासारखी झाली.

फरिदाबी एसटीतून उतरून घरी आली तेव्हा अंगणात पाचसहा बायका जमल्या होत्या. शिवम्मा हातात पेढ्यांचा पुडा घेऊन पुढं. शिवम्मा वयानं चार वर्षांनी मोठी, म्हणून फरिदाबी तिला आक्का म्हणते.

"फरिदा, पणती झाली गं! सकाळी साडेसातला, उमरग्याच्या दवाखान्यात. शुभी ठणठणीत हाय. धर, तोंड गोड कर."

"आक्का, लई झाक झालं!" फरिदाबीनं पेढा तोंडात टाकला. "पाचवीला बाटली घेऊन आलेच बघा म्या."

"तुझी बाटली आल्याशिवाय पाट मांडायची न्हाय, असं शुभीनं दवाखान्यातनंच सांगितलंय. आन ही तुझी सून! अय्यो, काय काम केलंय पोरीनं! बघ तरी."

जास्मिननं डेगीवरचं फडकं काढलं. बायकांनी "आऽऽ" केलं. उन्हात डेगीकडं बघवत नव्हतं. फरिदाबी हसत पुढं झाली, वाकली आणि आत बघितलं. डेगीच्या तळाशी तिला स्वतःचं तोंड दिसलं. गालात पेढा, डोळे मोठे.

डेगीत आतून तोंड दिसत नसतं. तांब्याला आतून कथलाचा हात दिलेला असतो, ती कल्हई. नवी असताना ती चंदेरी, वापरात आली की राखाडी. ती तांब्याला झाकते म्हणून आतलं आंबट, तुरट, तिखट तांब्याला शिवत नाही.

फरिदाबी अंगणातच खाली बसली.

"काय झालं अम्मी?" जास्मिन म्हणाली. "आवडलं नाही?"

सगळ्या बायका फरिदाबीकडं बघत होत्या. जास्मिनच्या बोटांची सालं निघाली होती, ती तिनं ओढणीत लपवली, पण फरिदाबीला दिसली. तिनं पेढा गिळला. "लई चमकतीय," ती म्हणाली. "लई म्हणजे लईच."

बायका गेल्यावर तिनं डेगीत तांब्याभर ताक ओतलं आणि चुलीपाशी बसून राहिली. तासाभरानं बघितलं तर ताकावर हिरवी झाक आलेली. तिनं जास्मिनला बोलावलं, ताक दाखवलं आणि राखाडी थर कशाचा होता ते सांगितलं. जास्मिनचा चेहराच उतरला.

"आता?" ती म्हणाली.

"आता ताक परसात वत. शेळीला देऊ नको."

"अम्मी, मला बोला तरी. शिव्या द्या."

"कुणाला देऊ? घासली तू. पर सांगायचं कुणी व्हतं? म्या ठरवलं की सुनंला डेगीचं काय बोलायचं न्हाय, म्हंजे घरात भांडण न्हाय. भांडण झालं असतं तर डेग तरी वाचली असती."

रात्री जेवताना सैफनं आपली अक्कल पाजळली. "एका खेपंनं काय होतंय अम्मी? ओव्याचा अर्क हाय, इष थोडंच हाय. कुणाला कळणार?"

फरिदाबीनं त्याच्या ताटातली भाकरी उचलून टोपल्यात ठेवली. "बाळंतीण पिणार हाय ते. तू उठ."

सैफ उठला नाही, त्यानं टोपल्यातली भाकरी परत घेतली. मात्र दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यानं कुकर आणला. शिट्टीच्या जागी ट्यूबचा तुकडा, ट्यूबला डेगीची नळी, जोडाला पंक्चरचं सोल्यूशन. तासाभरात वाटीभर अर्क पडला. तिघांनी हुंगला.

"रबराचा वास येतो," जास्मिन हळूच म्हणाली.

सैफनं घोट घेतला, विचार केला, दुसरा घोट घेतला. "रबराचा न्हाय. परवाच्या डाळीचा."

फरिदाबी इतकी हसली की तिला ठसका लागला. ठसक्यावर तोच अर्क पाजायला सैफ धावला, तेव्हा ती आणखीच हसली. पण दोन दिवस गेले होते. पाचवीला तीन उरले. बाजारातली बाटली मेडिकलमध्ये मिळते हे तिलाही ठाऊक होतं आणि शिवम्मालाही. एकदा ती बाटली त्या घरात गेली की पुढच्या पाचवीला कुणी फरिदाबीची वाट बघणार नाही. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. ती उठली आणि दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं लिहिलेला एक नंबर वाचायला लागली.

तो आयुब कल्हईवाल्याचा होता. पूर्वी दर वर्षी सुगीनंतर आयुब सायकलला भाता बांधून गावोगाव हिंडायचा. त्याचं घर भूमला. सहा वर्षांपूर्वी तो शेवटचा आला आणि डेगीला जाड हात देऊन गेला. मग आलाच नाही. सैफनं नंबर लावला तर फोनमधली बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

"माणूस असंल की अस्तित्वात," फरिदाबी म्हणाली. "उद्या भूमला जायचं. जास्मिन, तू चल. डेग एकटीला उचलत न्हाय."

उमरगा ते भूम म्हणजे जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. धाराशिवला गाडी बदलावी लागते. पहाटे उठून दोघींनी डेग जुन्या लुगड्यात बांधली, वर गाठ मारली आणि एसटीत खिडकीशी बसवली. एका बाजूला जास्मिन, दुसऱ्या बाजूला फरिदाबी, मधे डेग. तीन बायका निघाल्यासारख्या.

कंडक्टर आला. "मावशी, हे काय?"

"डेग हाय."

"सीटवर न्हाय चालत. आन तिचं तिकीट लागंल. फुल."

"फुल का म्हून? आमी दोघी अर्ध्यावर, आन तिला फुल?"

"ते बायकांना हाय अर्धं."

"मग ही काय बाप्या हाय? पोट बघा की तिचं."

सगळी गाडी हसली. मागून एक पागोटेवाला म्हणाला, "मास्तर, नववा महिना दिसतोय, बसू द्या." कंडक्टरनं हात जोडले आणि डेगीला न विचारता पुढं गेला. पण आता गाडीला विषय मिळाला होता. नळदुर्गपर्यंत सगळ्यांना कळलं की लुगड्यात काय आहे. एकानं हळूच विचारलं, "हातभट्टी का मावशी?"

"व्हय," फरिदाबी म्हणाली. "पैला गिलास तुलाच. बस तोंड उघडून."

तुळजापूर येईपर्यंत एका बाईनं आपल्या लेकीची पोटदुखी सांगितली, एका म्हाताऱ्यानं त्याच्या आईच्या तांब्याच्या घंगाळाची आठवण काढली, आणि पागोटेवाल्यानं उतरताना डेगीला हात लावून नमस्कार केला. का केला ते त्यालाच ठाऊक. जास्मिन ताक हिरवं झाल्यापासून तोंड पाडून होती. आता तीही तोंडाला ओढणी लावून हसायला लागली.

भूमला उतरल्या तेव्हा दुपार झाली होती. आयुबचं दुकान सापडलं, पण पाटीवर कल्हई नव्हती. पाटीवर लिहिलं होतं, ग्रील, शटर, गेट. आत आयुब स्टुलावर बसला होता. केस पांढरे, डोळ्यांवर जाड चष्मा.

"सलाम आयुबभाई. वळखलं का?"

त्यानं चष्मा वर केला. बाईकडं बघितलं नाही, लुगड्यातल्या गाठोड्याकडं बघितलं. "उमरग्याकडची डेग," तो म्हणाला. "बायेर उजव्या अंगाला एक पोचा हाय, ट्रकवरनं पडल्याली. मौसी, तुमी हाव का?"

फरिदाबीनं गाठ सोडली. आयुबनं आत बघितलं आणि दचकून मागं सरकला. "या अल्ला! कुणी केलं हे? माझी कल्हई तर हत्तीनं बी निघाली नसती!"

"माझ्या सुनंनं," फरिदाबी अभिमानानं म्हणाली. "अडीच दिसात."

आयुबनं जास्मिनच्या हाताकडं बघितलं. मग मान हलवली. "नक्को मौसी. हौस सोडा. भाता मोडीत गेला. कल्हई लावून सहा वर्सं झाली. आन हे बघा." त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं झाडाच्या पानासारखी हलत होती. "कथील वितळलं की दोन श्वासांत कापूस फिरवावा लागतो. माझा हात आता दोन ठिकाणी थांबून चहा पितो."

"कथील हाय का?"

"कथील..." आयुब डोकं खाजवायला लागला. आतून त्याची बायको म्हणाली, "हाय की! कूलरच्या पायाखाली."

खरंच होतं. शेवटची कांडी त्यानं डगमगणाऱ्या कूलरच्या पायाखाली घातली होती. ती काढली तसा कूलर खडखडायला लागला आणि दिवसभर थांबला नाही. तांब्यानं कथील धरावं म्हणून टाकायचा नवसागर जुन्या डब्यात दगड होऊन बसला होता, तो फरिदाबीनं वरवंट्यानं कुटला. भाता नव्हता, तर वेल्डिंगच्या दुकानात वारा मारायचं इलेक्ट्रिकचं यंत्र होतंच. राहिला हात.

"जाळ म्या बघतो," आयुब म्हणाला. "डेग फिरवायचं बी माझ्याकडं. पर कापूस कोण मारणार?"

कुणी काही म्हणायच्या आत जास्मिननं ओढणी कमरेला खोचली. "ज्या हातानं काढली, त्याच हातानं लावते. सांगा."

"लग्नात मेंदी काढतीस का?"

"काढते."

"मग विसर ती. मेंदी आस्ते काढत्यात. हे आस्ते न्हाय."

कोळसे फुलले. डेग आडवी करून आयुबनं निखाऱ्यावर फिरवायला घेतली. तांबं तापून रंग बदलायला लागलं तसा त्यानं नवसागर टाकला. पांढऱ्या धुराचा लोट उठला, नाकात झोंबला. "आता!" तो ओरडला. फरिदाबीनं कथील टेकवलं, ते पाण्यासारखं पळालं, आणि जास्मिननं चिमट्यात धरलेला कापूस आत घातला.

पहिला हात फसला. कथलाचा एक गोळा झाला आणि चण्याएवढा होऊन तिथंच बसला. जास्मिन थबकली.

"थांबू नको!" आयुब आणि फरिदाबी एकदमच ओरडले.

दुसरा हात फिरला. लाल तांब्यावर चांदी पसरावी तसा पांढरा पट्टा उमटला. तिसरा. चौथा. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता, कूलर खडखडत होता, शेजारचे दोन दुकानदार काम सोडून दारात उभे होते. नवसागर, कथील, कापूस. नवसागर, कथील, कापूस. डेग गरगर फिरत होती आणि आयुब, ज्याचे हात हलत होते, तो डेग फिरवताना मात्र एकदाही हलला नाही. शेवटी त्यानं डेग उचलून पाण्यात बुडवली. चर्रर्र आवाज झाला. वाफ गेल्यावर तिघांनी आत डोकं घातलं, म्हणजे आपटलंच.

आत सगळं चंदेरी होतं. एका बाजूला जरा लाटा उठल्या होत्या आणि तो चण्याएवढा गोळा तसाच होता.

"हे वाईट दिसतंय," जास्मिन म्हणाली.

"डेगीच्या आत कोण बघायला जातंय?" आयुब म्हणाला. "गळंल का? न्हाय. कळकंल का? न्हाय. पोरी, म्या शिकताना पैली दोन भांडी जाळली व्हती. अब्बानं चिमट्यानंच मारलं व्हतं." मग फरिदाबीकडं वळून म्हणाला, "मौसी, सूनबाईला सांगा. वीट लावू नको."

"तिला काय सांगायचं ऱ्हायलं न्हाय आता," फरिदाबी म्हणाली. "तीच मला सांगंल."

त्या रात्री दोघी आयुबच्या घरीच राहिल्या. त्याच्या बायकोला अंगात उष्णता आहे की वात, यावर तिची आणि फरिदाबीची बराच वेळ चर्चा झाली, निकाल लागला नाही. सकाळच्या गाडीनं त्या निघाल्या. या खेपेला कंडक्टर दुसरा होता, पण डेग पुन्हा खिडकीशीच बसली.

गावात पोचल्या तेव्हा चौथा दिवस निम्मा संपला होता. शुभांगी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली होती. शिवम्मा दोनदा विचारून गेली होती आणि सैफनं दोन्ही वेळा खोटं न बोलता सांगितलं होतं की डेग गावाला गेलीय. शिवम्मा म्हणाली होती, "बरं बाई, तिचं बी नातेवाईक असतील."

नव्या कल्हईत पहिल्या खेपेला नुसतं पाणी उकळायचं असतं, चुलीच्या राखेची चिमूट टाकून. ते संध्याकाळी झालं. ओवा भिजत घातला. नळीत घुंगरू सोडलं ते जास्मिननं, आणि वाजत वाजत खाली गेलं. ती फुंकायला बसली तेव्हा दुसऱ्या टोकाला फरिदाबी नाक लावून बसली.

"काय वास येतोय अम्मी?"

फरिदाबीनं पुन्हा एकदा हुंगलं. "तांब्याचा न्हाय," ती म्हणाली. "बास."

पाचव्या दिवशी दिवस उजाडला तेव्हा चूल पेटलेली होती. कणकेचा लेप सुकला, रांजणातलं पाणी वरून कोमट झालं, आणि नळीच्या टोकाला पहिला थेंब आला. पहिली वाटी फेकून दिली, तशी रीतच आहे. दुसऱ्या वाटीतला थेंब फरिदाबीनं जास्मिनच्या पालथ्या हातावर सोडला. जास्मिननं हुंगला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओव्यानं आलं की कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं तो चाटला. जिभेला चटका बसला आणि मागून गार लागलं.

"जमलं," जास्मिन म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण आता विचारायची गरजही नव्हती.

बाटली भरली. फरिदाबीनं बूच लावलं आणि जास्मिनला म्हणाली, "पुढच्या पाचवीपासनं पोचवायचं तुझ्याकडं. शिवम्माक्काच्या दाराला सात पायऱ्या हायत, माझे गुडघे सातवीला भांडायला लागतात. आजची म्या नेते. आजची शेवटची."

"मी येऊ का बरोबर?"

"दोघींनी एक बाटली न्यायची म्हंजे गावाला वाटंल लई जड झाली. तू चोथा उपस. लगेच."

फरिदाबीनं पाय धुतले, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि कडेवर लेकरू घ्यावं तशी डाव्या कमरेवर घेतली. गल्लीतून नेहमीच्या चालीनं गेली, म्हणजे वाटेत तीन जणींशी बोलत. पायऱ्या चढली. सातव्या पायरीवर थांबून गुडघ्याला दोन शब्द सुनावले. उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली, "आक्का, वाटी आण!"

शिवम्मा वाटी घेऊन आली. मागं खोलीत शुभांगी बसली होती, मांडीवर मुठी आवळून झोपलेलं एवढंसं बाळ. फरिदाबीनं बूच काढलं, आधी थोडा अर्क स्वतःच्या ओंजळीत घेतला आणि सगळ्यांदेखत प्यायली. मग वाटीत अर्धी ओतली. "आईला घोटभर. बाळाला काय चाटवायचं न्हाय, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय ते ऐकायचं."

शुभांगीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "फरिदाबी, लई तिखट गं!"

"मग काय सरबत आणू? ते लग्नात पाजत्यात, तुझं लगीन व्हऊन दोन वर्सं झाली."

बाळानं झोपेतच शिंक दिली. शिवम्मा हसत पाट मांडायला वळली. "फरिदा, बस. पुरणाची पोळी तव्यावर हाय. खाऊन जा."

"चुलीवर हाय माझं," फरिदाबी म्हणाली. चुलीवर काहीच नव्हतं. पण ती दर पाचवीला हेच म्हणायची आणि शिवम्मा दर पाचवीला फडक्यात दोन पोळ्या बांधून द्यायची. दोन पोळ्या आल्या. फरिदाबीनं उरलेला अर्क शिवम्माच्या बरणीत ओतून दिला, रिकामी बाटली मागून घेतली, ती आणि पोळ्या काखेत धरल्या, आणि एक एक पायरी उतरायला लागली.